सतरा बुड्यांचा लाल दोरा

रात्रभर भुरभुरणारा पाऊस सहाच्या सुमारास थांबला. चामुंडीचा डोंगर अजून गळ्यापर्यंत ढगातच होता, आणि म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या त्या अरुंद क्रॉसवर, म्हणजे आडगल्लीत, दूधवाल्याच्या सायकलीखेरीज काही हलत नव्हतं. पद्मनाभ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात विळीवर बसून नारळ खवत होता. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी एक नारळ, हे त्याचं काम. आज मात्र तीन होते. आज घरी तक्रार करायला निदान साठ माणसं येणार होती, आणि तक्रारीला आलेल्या माणसालाही इडली-चटणीशिवाय परत पाठवायची त्या घरात रीत नव्हती.

“री, एवढं बारीक कशाला खवताय?” भानुमती चुलीजवळून म्हणाली. ‘री’ म्हणजे ‘अहो’. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, तिनं नवऱ्याला दुसरी हाक मारलेली नाही. “लोक भांडायला यायलेत. बारशाला नाही.”

“भांडायला पण घसा ओला लागतोय की.”

तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. भानुमती हातातलं पळीपातेलं तसंच टाकून धावली. साठीची बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारी, पण फोनला धावताना तिला कुणी पाहिलं असतं तर तिच्या गुडघ्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. तिनं रिसीव्हर कानाला लावला. आतून आवाज आला तो माणसाचा नव्हता. टर्की कोंबडी पाण्याच्या पाईपातून बोलावी तसं काहीतरी, गुर्ळुबुर्ळु. तिनं दोन क्षण ऐकलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

“अक्का नाही,” ती म्हणाली.

“अगं, ते बटण जरा वर कर की. कोण बोलतंय ते तरी कळेल.”

“बेडा. नकोच. मी बटण वर केलं आणि नेमका त्याच वेळी अक्काचा फोन आला तर?”

फोनशेजारी साबणाच्या वडीएवढी एक करड्या रंगाची पेटी होती. तिच्यावर एकच बटण, एकच तांबडा दिवा आणि कडेला बांधलेला एक लाल दोरा. दिवा गेले सतरा दिवस पेटलेलाच होता. या पेटीला सगळं घर ‘गुट्टू’ म्हणायचं. कन्नडात गुट्टू म्हणजे गुपित. पद्मनाभनं ती बनवली होती, तिच्यासारख्या आणखी नव्याण्णव बनवल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक आज तक्रारीसकट घरी परत येत होत्या.

हे सगळं एका उपिट्ट्यामुळं, म्हणजे आपल्या उपम्यामुळं झालं.

पद्मनाभचे वडील रंगारी. पिढ्यान्‌पिढ्या हातमागाचं कापड रंगवायचे, छापायचे. त्यांच्या घराचा हात लाल रंगावर बसलेला. वडिलांनी कढया विकल्या आणि पोराला टेलिफोन खात्यात चिकटवलं. पोरगं केबल जोडायच्या कामाला लागलं. रस्त्याच्या खड्ड्यात बसायचं आणि शेकडो बारीक तारांमधून जोडीला जोडी लावायची; तारांचे रंग ओळखायचे, बस्स. बाकीचे मेकॅनिक बॅटरीच्या उजेडात डोळे फोडून घ्यायचे. पद्मनाभ नुसता बघून जोडायचा. साहेब म्हणायचे, “अहो, ही निळी की हिरवी?” तो म्हणायचा, “साहेब, ही मोरपंखी. पण जरा उन्हात वाळलेली.”

तर या हुशार माणसानं पंधरा वर्षांपूर्वी पिरियापट्टणला आपल्या मोठ्या मेहुणीच्या, म्हणजे सिंधूअक्काच्या घरी वास्तुशांतीचा आहेर म्हणून स्वयंपाकघरात दुसरा फोन बसवून दिला. एकच लाईन, दोन फोन. हॉलमधला उचलला की स्वयंपाकघरातल्यावरही सगळं ऐकू येणार. अक्कांनी तेव्हा त्याला नारळ-टॉवेल देऊन ओवाळलं होतं.

पुढं अक्कांना सून आली, रम्या. आणि तीन वर्षांमागं एका सकाळी भानुमती फोनवर बहिणीला म्हणाली, “अक्का, तुझी सून उपिट्टू करती का भिंतीला लावायचा गिलावा? परवा खाल्ला, अजून आत तसाच बसलाय.”

दोघी बहिणी पोट धरून हसल्या. आणि हसू थांबल्यावर तिसरा आवाज आला, अगदी शांत. “मावशी, पाणी कमी पडलं होतं काय?”

त्यानंतर महिनाभर रम्या चुलीजवळ गेली नाही. सगळा स्वयंपाक अक्कांच्या गळ्यात पडला. महिन्याअखेर अक्कांनी धाकट्या बहिणीला एकच फोन केला. “बोलली तू, भोगली मी. आणि ते दुसरं फोन तुझ्याच नवऱ्यानं ठोकलंय. आता पुरे.” त्या दिवसापासून फोन बंद. रोज सकाळी अकरा वाजता तीस वर्षं वाजणारा फोन गप्प झाला. मोबाईल अक्का हातात धरत नाहीत. “साबणासारखा निसटतोय आणि उगीच कुणाला तरी लागतोय,” म्हणतात. लग्नकार्यात दोघी भेटायच्या. एकमेकींच्या साडीकडं बघून बाजूला जायच्या.

भानुमती मात्र रोज अकरा वाजता फोनवरचा भरतकामाचा रुमाल काढून झटकायची आणि परत घालायची. पद्मनाभ हे तीन वर्षं बघत होता. आपणच ठोकलेल्या खिळ्याला आपल्याच बायकोचं धोतर अडकलंय, असं काहीतरी त्याला वाटायचं, आणि बायको धोतर नेसत नाही हे लक्षात येऊन आणखी वाईट वाटायचं.

मग गेल्या उन्हाळ्यात तो एक दिवस वर भाडेकरूकडं गेला. उदय आणि अवनी, पुण्याहून आलेलं जोडपं, दोघं कंपनीत. उदयचं कामच कंपन्यांची गुपितं सांभाळायचं. त्याचं मराठी वर्तमानपत्रासारखं. पद्मनाभला ते ऐकताना आपण बातम्या लावून बसलोय असं वाटायचं.

“काका, थोडक्यात तुम्हाला आवाज कूटबद्ध करायचा आहे,” उदय म्हणाला. “पण हे मोबाईलवर फुकट मिळतं.”

“फुकट मिळतंय त्याच्यावर कोण विश्वास ठेवतंय रे? माझ्या मेहुणीला मी फुकट फोन बसवून दिला, बघ काय झालं.”

उदय त्या दिवसापासून मदतीला लागला. युक्ती पद्मनाभची होती. पेटी आवाजाचे बारीक तुकडे करणार आणि त्यांची उलटापालट करून तारेवर सोडणार. त्या उलटापालटीचा क्रम म्हणजे किल्ली. पलीकडच्या पेटीत तीच किल्ली असेल तर ती तुकडे पुन्हा रांगेत लावणार. मधे कुणी स्वयंपाकघरातला फोन उचलला तर त्याला टर्की कोंबडी ऐकू येणार. “आमचे बाबा बांधणी करायचे तसंच,” तो म्हणाला. “गाठ कुठं मारली ते मारणाऱ्यालाच ठाऊक. बाकीच्यांना नुसता ढब्बा दिसतोय.”

उदयनं एक गोष्ट बजावली. “प्रत्येक जोडीची किल्ली वेगळी हवी, काका. एका किल्लीनं सगळी कुलुपं उघडता कामा नयेत. आणि पेट्यांवर क्रमांक घाला.”

“किल्ली वेगळी, बरं. नंबर कशाला? नंबर घातला की चोराला पण जोडी कळणार.”

“मग जोडी ओळखायची कशी?”

पद्मनाभ हसला. त्यांच्या घरी रंगायला आलेल्या कापडांवर कधी नंबर नसायचा. कोपऱ्यात दोरा बांधायचे. ज्याचं कापड त्याची छटा. वडील दोरा बघून सांगायचे, हे नंजनगूडच्या शेट्टीचं, हे वकिलाच्या बायकोचं. पद्मनाभनं माळ्यावरून लाल रंगाची शेवटची पुडी काढली, पातेलं चढवलं आणि दोऱ्याच्या पन्नास लडी रंगवल्या. पहिली एक बुडी देऊन काढली, दुसरी दोन बुड्या, तिसरी तीन. पन्नासाव्या लडीला पन्नास बुड्या. प्रत्येक जोडीला एक छटा.

ते वाळत घातलेले दोरे उदयनं डोळ्यांजवळ धरून पाहिले. “काका, हे सगळे लाल आहेत.”

“कुठं लाल? हा बघ, हा तर जवळजवळ डाळिंबी. आणि ह्या दोघांत केवढा फरक!”

“दोन्ही लाल आहेत, काका.”

“अय्यो, तू डोळ्याच्या डॉक्टरकडं जा एकदा.”

स्वतःसाठी त्यानं सतरा बुड्यांची जोडी काढून ठेवली. सतरा बुड्यांचा लाल म्हणजे कुंकू ओलं असताना दिसतो तो. लग्नात दोघी बहिणींच्या शालूंचा हाच रंग होता, आणि तो त्याच्या वडिलांनीच दिलेला. एक पेटी भानुमतीची, एक अक्कांची. एवढंच त्याला हवं होतं. पण आतला सर्किटचा पट्टा जुळवून देणारा बेंगळुरूचा माणूस शंभराखाली ऑर्डर घेईना. मग उरलेल्या एकोणपन्नास जोड्या विकणं आलं.

विक्रीची जबाबदारी उदयनं घेतली. वर्तमानपत्रात घालायला पत्रक छापलं: ‘तुमचं बोलणं खरंच सुरक्षित आहे का?’ पत्रक वाचून दोन माणसं आली. एकानं विचारलं, ही भिशी आहे काय. दुसरा पोलिसातला निवृत्त हवालदार होता, तो दीड तास नुसताच बसून चहा पिऊन गेला. पुढचे दोन महिने पेट्या पलंगाखाली.

भाद्रपद जवळ आला तेव्हा भानुमती पलंगाखालून सुपं काढायला वाकली आणि तिथंच बसून राहिली. सुपं आणि पेट्या शेजारी शेजारी होत्या.

“री,” ती म्हणाली, “हे बागिन्यात घालायचं सामान आहे की!”

बागिना म्हणजे गौरीच्या सणाला म्हैसूरच्या बायका एकमेकींना देतात ते वाण. दोन सुपं, एक भरलेलं, एक त्यावर झाकण म्हणून उपडं. आत डाळ-तांदूळ, गूळ, फणी, आरसा, बांगड्या, ब्लाऊजपीस. सगळं जोडीचं. भानुमतीनं चार घरी जाऊन एवढंच सांगितलं, “एक पेटी बहिणीच्या बागिन्यात घाल, एक तुझ्याकडं ठेव. मग काय बोलायचं ते बोल. सासू ऐकली तरी तिला कोंबडीच ऐकू येणार.” उदयच्या छापील पत्रकाला जमलं नाही ते या एका वाक्यानं केलं. चार दिवसांत एकोणपन्नास जोड्या संपल्या. गिऱ्हाईकं वाढली तशी पद्मनाभची मान उंच झाली. तो रस्त्यानं चालताना टेलिफोनच्या खांबांकडं मालकासारखा बघू लागला.

भानुमतीनं अक्कांचा बागिना स्वतः भरला. तांदळात पेटी नीट पुरली, वर शिंदीच्या रसाचा गूळ ठेवला, चिठ्ठी घातली: ‘अक्का, आता कुणी ऐकणार नाही.’ पिरियापट्टणच्या बसनं जाणाऱ्या एका शेजारणीबरोबर तो पाठवला, आणि घरातल्या पेटीचं बटण दाबून बसली.

चूक कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांची होती. म्हैसूरच्या कुठल्याही बाईला विचारा, बागिन्यातल्या सामानाचं काय होतं. गूळ खाल्ला जातो, डाळ शिजते. ब्लाऊजपीस मात्र कधी शिवला जात नाही. तो पुढच्या बागिन्यात जातो, तिथून पुढच्या, आणि तीन वर्षांनी आपलाच ब्लाऊजपीस आपल्याला परत आल्याचं प्रत्येकीनं एकदा तरी पाहिलं आहे. पेट्या ब्लाऊजपीसच्या वाटेनं गेल्या. गौरी, गणपती, मग कुणाचं डोहाळजेवण. पंधरा दिवसांत गुट्टू शहरभर, सरगूरपर्यंत, कुठल्याही सुपातून कुठल्याही सुपात. सख्ख्या बहिणींना परक्यांच्या पेट्या मिळाल्या. बटण दाबलं की दोन्हीकडं कोंबड्या.

लोकांनी तक्रारीला पद्मनाभच्या घरी फोन केले. पण तिथं भानुमतीचं बटण सतत दाबलेलं. त्यांना कोंबडी ऐकू यायची, इकडं हिला. मग चैत्रा नावाची एक बँकेतली बाई घरीच येऊन गेली, आणि तिनं सगळ्यांना सांगितलं: रविवारी आठ वाजता, पेटी घेऊन.

अक्कांचा फोन मात्र आला नाही. बसनं गेलेली शेजारीण परत आल्यावर खरं कळलं. अक्कांनी चिठ्ठी न उघडताच बागिना ठेवून घेतला, गूळ काढून घेतला आणि म्हणाल्या, “गौरीचं वाण परत पाठवाय येत नाही, नाहीतर पाठवलं असतं.” आणि पेटीसकट उरलेलं सामान दुसऱ्या दिवशी कुणाला तरी पुढं दिलं.

हे ऐकूनही भानुमतीनं बटण वर केलं नाही. पण त्या दिवशी अकरा वाजता तिनं रुमाल झटकला नाही. पद्मनाभला त्या न झटकलेल्या रुमालाचीच भीती वाटली. ती सतरा बुड्यांची पेटी सापडायलाच पाहिजे होती. बाकी अठ्ठ्याण्णव गेल्या खड्ड्यात.

आठ वाजता गच्ची भरली. इडल्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. शहाऐंशी पेट्या एका चादरीवर मांडल्या गेल्या. उदय लॅपटॉप घेऊन बसला.

“प्रत्येक पेटी प्रत्येक पेटीशी जोडून बघावी लागेल,” तो म्हणाला. “तीन हजार सहाशे पंचावन्न चाचण्या. मिनिटाला एक धरली तरी एकसष्ट तास.”

“तोपर्यंत चटणी पुरणार नाही,” पद्मनाभ म्हणाला.

भानुमतीनं पदर खोचला. ढग जरा उसवले होते, ऊन पडायला लागलं होतं. ती चादरीच्या कडेला बसली, एक पेटी उचलली, दोरा उन्हात धरला. “ही नऊ.” दुसरी. “ही एकतीस.” तिसरी. “हीही नऊ. घ्या, जोडी.” तिचं माहेरही रंगाऱ्याचंच. लग्नाआधी पद्मनाभच्या वडिलांनी तिला विचारलेला एकच प्रश्न असा होता: समोर दोन लाल पदर धरून, “पोरी, यातला जुना कुठला?” तिनं सांगितलं होतं, म्हणून ती या घरात आली.

उदयनं दोन जोड्या तपासल्या. दोन्ही बरोबर. त्यानं लॅपटॉप मिटला आणि अवनीला म्हणाला, “मला खरंच डोळ्याच्या डॉक्टरकडं जायला हवं.”

पंचेचाळीस पेट्या तपासून झाल्या तेव्हा कठड्याला टेकून बसलेल्या दत्तोजीराव अरसांनी आपली पेटी शालीखाली घेतली. ते जुन्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, वय पंच्याऐंशी.

“अहो दत्तोजीराव, द्या की इकडं. तुमची जोडी लावते.”

“नको गं बाई.”

“का?”

“मी आणि सरगूरचा फत्तेसिंगराव, माझा मेहुणा, रोज संध्याकाळी अर्धा तास बोलतो. चाळीस वर्षं भांडतोय, वाटणीवरून, राजकारणावरून, काही ना काही. आता त्याला माझं कळत नाही, मला त्याचं. मी मनातलं सगळं बोलतो, तोही बोलत असेल. काल फोन ठेवताना मला रडू आलं. एवढं गोड तो कधी बोलला नव्हता. माझी जोडी लावू नको.”

चैत्रानं हळूच आपलीही पेटी उचलून पर्समध्ये टाकता येईल का, असं बघितलं.

दीड तासात चाळीस जोड्या लागल्या. सहा पेट्या एकट्या उरल्या. भानुमतीनं त्या सहा पुन्हा उन्हात धरल्या. “बावीस. पाच. छत्तीस. चव्वेचाळीस. बारा. एकोणीस.” सतरा नव्हती. ती ज्या हातानं दोरे तपासत होती तो हात तसाच मांडीवर राहिला. पद्मनाभ शेजारी उकिडवा बसला. त्याला म्हणायचं होतं की आपण दुसरी जोडी देऊ. पण अक्का तीही सुपात घालून पुढं पाठवतील, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“उठा,” ती म्हणाली. “लोकांना पान-सुपारी द्या. मी खाली जाऊन बटण वर करते. सुम्मने, उगीच किती दिवस लाईट जाळायचा.”

ती खाली गेली. हॉलमध्ये पोहोचली आणि फोन वाजला.

यावेळी ती धावली नाही. बटण वर करायचंच होतं, तर आधी हे कोंबडं गप्प करू, म्हणून तिनं रिसीव्हर उचलला.

“मावशी?” आवाज आला. स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा. “मावशी, मी रम्या. ठेवू नका हं.”

भानुमतीनं खुर्चीत बसून पेटीकडं बघितलं. तिचं बटण दाबलेलं होतं. तांबडा दिवा पेटलेला होता. सतरा बुड्यांच्या पेटीखेरीज जगातली कुठलीच पेटी तिच्याशी माणसाच्या आवाजात बोलू शकत नव्हती.

“तुला ती पेटी कुठं मिळाली गं?”

“सरगूरला, माहेरी, आईच्या बागिन्यातून. आमच्या शेजारच्यांनी तिला दिलेली. ब्लाऊजपीसात गुंडाळून आली. आत चिठ्ठी होती.” रम्यानं आवाज खाली केला. “मावशी, एक मागते. तुम्ही अत्तेशी बोला हो.” सासूला ती अत्ते म्हणायची. “ तीन वर्षं झाली, तुमच्याशी जे बोलायच्या ते सगळं त्या माझ्याशी बोलतायत. सकाळी अकरापासून. शेजारणीचं, देवळाचं, त्यांच्या पायाचं, चाळीस वर्षांपूर्वीच्या कुणाच्या लग्नातल्या भाताचं. मी भाजी चिरत असले तरी मागनं येतात. मावशी, मला उपिट्टू काय, दगड म्हणा. पण त्यांना परत घ्या.”

भानुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं हसण्याचं किती आणि रडण्याचं किती, ते पन्नास बुड्या ओळखणाऱ्या त्या बाईलाही सांगता आलं नसतं. “पण अक्का बोलेल का?”

तेवढ्यात तिकडं खट्ट झालं. लाईनवर आणखी कुणीतरी आलं होतं. पिरियापट्टणच्या स्वयंपाकघरातला, पद्मनाभनं स्वतः ठोकलेला तो दुसरा फोन कुणीतरी उचलला होता. मग रम्याच्या मागून, पेटीतून नव्हे तर घरातूनच, एक आवाज गरजला.

“रम्या! कुणाशी बोलतीस गं? फोनमध्ये कोंबड्या कुठनं आल्या?”

“कुणी नाही अत्ते!”

“कुणी नाही तर कोंबड्यांशी बोलतीस? माझ्याविरुद्ध बोलतीस काय? कोण आहे पलीकडं, आण इकडं!”

रिसीव्हर ओढल्याचा आवाज झाला. मग एक मोठा श्वास.

“कोण?”

“अक्का, मी.”

गच्चीवरून खाली आलेला पद्मनाभ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला. त्याच्यामागं उदय, त्याच्यामागं पान-सुपारी चघळणारी निम्मी गच्ची.

“मोठ्यानं बोल!” अक्का ओरडल्या. “तीन वर्षांत मला ऐकू कमी यायलंय. कोण म्हणालीस?”

“अक्का, मी भानू!”

“भानू? तू? मग एवढे दिवस कुठं मेली होतीस? गूळ बरा होता गं! पण चिठ्ठी कशाला घातलीस, मला चष्म्याशिवाय काय वाचता येतंय?”

“अक्का, ही पेटी आहे, आता आपलं बोलणं कुणी ऐकणार नाही!” भानुमती शिरा ताणून ओरडली. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

“काय म्हणालीस?”

“कुणी ऐकणार नाही म्हणते!”

“बरं झालं!” अक्का ओरडल्या, इतक्या की रिसीव्हर भानुमतीच्या कानापासून वीतभर लांब असूनही गच्चीवरच्या मंडळींना ऐकू गेलं. पिरियापट्टणची अख्खी गल्ली तर ऐकतच असणार. “मग तुला गुपित सांगते. रम्या उपिट्टू आता बरा करतीय! पण तिला सांगू नको, शेफारेल!”

मागून रम्याचा आवाज आला, “ऐकलं अत्ते!”

“बघ, पेटी चालत नाही!” अक्का ओरडल्या.

“अहो चालते आहे!” उदय जिन्यावरून कळवळून म्हणाला. “तार पूर्ण सुरक्षित आहे. फक्त खोली…” त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. दत्तोजीराव शालीवरून हात फिरवत म्हणाले, “बायकांना समजून पण गोड बोलता येतं. नशीब लागतं.”

भानुमतीनं बाजूची खुर्ची ओढून पाय वर घेतले, म्हणजे हे आता तासभर तरी चालणार. भरतकामाचा रुमाल तिनं मांडीवर घेतला होता. तोंडावर हात न धरता, बटणाकडं न बघता ती ओरडत होती: पावसाबद्दल, गुडघ्याबद्दल, शालूबद्दल. घड्याळात अकराला अजून दहा मिनिटं होती.

पद्मनाभनं तिच्याकडं एकदा बघितलं. मग आत गेला. खाली येणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी आणखी एक इडली मागितली होती आणि चटणी संपत आली होती. तिसऱ्या नारळाची एक वाटी अजून तशीच पडली होती. त्यानं विळी पायाखाली धरली, हॉलमधला आरडाओरडा ऐकत खाली बसला आणि खवायला लागला.